बंद दाराचा मान



६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांचे निधन झाले. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर एका परिचितांच्या घरी आम्ही काही जण बसलो होतो. बोलणे त्यांच्या गाण्यावरून पाहता पाहता त्यांच्या अविवाहित राहण्यावर आले. कोणी एक कारण सांगितले, कोणी दुसरे. मीही ऐकीव गोष्टींत भर घातली. तेवढ्यात चहाचे कप उचलण्यासाठी त्या घरातील थोरल्या आपा आल्या. वडिलांच्या पश्चात धाकट्या भावंडांना वाढवताना त्यांचा निकाह राहून गेला, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्या क्षणभर थांबल्या आणि काही न बोलता आत गेल्या. आमचे शब्द त्यांनाही लागत होते, हे मला फार उशिरा उमगले.

संगीताविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो आजचा विषय नव्हे. प्रश्न एवढाच की, एखाद्याच्या कलेवर आपण प्रेम केले म्हणून त्याच्या एकटेपणाची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो काय?

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट तत्त्वाची. अविवाहित राहणे हा आदर्श आहे काय? इस्लामचे उत्तर स्पष्ट आहे. तीन सहाबींनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी येऊन त्यांच्या इबादतीविषयी विचारपूस केली. मग एकाने रात्रभर नमाज पढण्याचा, दुसऱ्याने रोज रोजा ठेवण्याचा, तर तिसऱ्याने कधीच विवाह न करण्याचा निश्चय केला. प्रेषितांनी (स.) हे मान्य केले नाही, विवाह हा आपला मार्ग असल्याचे सांगितले. म्हणून तरुणांनी 'थोर कलावंत एकटे राहिले, म्हणूनच थोर झाले' असा समज करून घेऊ नये. १९४२ मध्ये वडील वारले, तेव्हा लताबाईंना तेरावे वर्ष चालू होते आणि घराचा भार त्यांच्यावर आला. त्यांच्या यशामागे कष्ट आणि रियाज होता. एकटेपणा म्हणजे प्रतिभेची किल्ली नव्हे.

दुसरी गोष्ट व्यक्तीची. 'सहीह मुस्लिम'मध्ये हाच प्रसंग येतो. तेथे प्रेषितांनी (स.) त्या तिघांची नावे घेतली नाहीत, काही लोक असे म्हणतात, एवढाच उल्लेख केला. विचार दुरुस्त केला, माणसांवर मात्र पडदा राहू दिला. इमाम नववी आणि इमाम इब्ने तैमिया हे आजन्म अविवाहित होते. अशा विद्वानांवर शेख अब्दुल फत्ताह अबू गुद्दा यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. त्यांच्या अविवाहित राहण्याला उम्मतने सुन्नत ठरवले नाही. पण त्यावरून त्यांच्या दीनदारीवर बोटही ठेवले नाही.

मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या, सूरबहारवादक अन्नपूर्णा देवी, यांचे उदाहरण पाहा. त्या विवाहित होत्या. परंतु जाहीर मैफली सोडून त्या मुंबईत कित्येक दशके जवळजवळ एकांतात राहिल्या. हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य मात्र घडवले. २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत आणि नंतरही लोक त्या एकांताचे कारण उकरतच राहिले. त्यांच्या दारावर एक सूचना होती : घंटी तीनदाच वाजवावी, दार उघडले नाही, तर नाव-पत्ता ठेवून परत जावे.

वाचकहो, ही सूचना आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? तीन वेळा परवानगी मागा, न मिळाल्यास परत फिरा, ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. परत जा असे सांगितले गेले तर परत जावे, त्यातच अधिक पावित्र्य आहे, असे सूरह नूर सांगते. घराला जसे दार असते, तसे मनालाही असते. सूरह हुजुरातने संशय, टेहळणी आणि गीबत या तिन्हींना एकाच आयतीत मनाई केली आहे. आपण सांगितलेले खरे असेल तर ती गीबत, खोटे असेल तर बोहतान. दोहोंपैकी कोणतीही बाजू सुरक्षित नाही.

हा नियम कीर्तिवंतांपुरता नाही. मोहल्ल्यातील अविवाहित भगिनी, घटस्फोटित भाऊ, एकटे राहणारे वृद्ध यांनाही तो लागू आहे. कोणाला निकाहची इच्छा असेल, तर स्थळ शोधून द्यावे; ते पुण्य आहे. नसेल, तर सलाम करून पुढे जावे.

त्या आपांची माफी मी पुढच्या जुम्याला त्यांच्या भावासमक्ष मागितली. त्यांनी माफ केले. अल्लाह आपल्या सर्वांच्या जिभांचे रक्षण करो. आमीन.