उपरण्याखालचा हात

गेल्या वर्षी एक गृहस्थ आमच्याकडे एक कागद घेऊन आले. कागदावर त्यांच्या वडिलांची सही होती. वडिलांनी एका देवस्थानाचे जमाखर्च अनेक वर्षे लिहिलेले, अक्षर मोत्यासारखे. स्मृती क्षीण होऊ लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा, सर्व काही नीट समजत असताना, त्यांनी या रोगावरील एका संशोधनात भाग घेण्यास संमती दिली होती. ठरावीक महिन्यांनी रक्त द्यायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, एवढेच. त्यातून त्यांना औषध मिळायचे नव्हते, हेही कागदावर स्वच्छ लिहिलेले होते. दोन वर्षे सर्व सुरळीत चालले. आता मात्र परिचारिका सुई घेऊन जवळ आली की म्हातारे आपला हात उपरण्याखाली घेतात. बोलत काही नाहीत. मुलाने आम्हांला विचारले, "वकीलसाहेब, बाबांची सही खरी धरायची, की हा हात?"

कायद्याचे उत्तर आम्ही त्यांना दिले. ते पुढे येईलच. परंतु ते गेल्यावर प्रश्न आमच्यापाशीच राहिला. तो वरवर कायद्याचा दिसला तरी खरा प्रश्न असा आहे की, स्मृती गेलेल्या माणसाच्या ठायी माणूस किती उरतो, आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला.

या रोगाच्या संशोधनाचा आरंभच एका न विचारलेल्या बाईपासून झाला आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात अगुस्ते नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले व उत्तरे टिपून ठेवली. स्वतःचे नाव लिहिता लिहिता ती अडखळे, आणि आपण आपल्यालाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे काही म्हणे. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांच्याकडे पाठविण्यात आला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी आपले निरीक्षण मांडले : मेंदूच्या पेशींबाहेर साचलेले थर, आणि पेशींच्या आत पिळवटलेले तंतू. आज आपण त्यांना अ‍ॅमिलॉइड व टाऊ या प्रथिनांच्या नावांनी ओळखतो. (गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्मृतिभ्रंश क्रोधापासून उत्पन्न होतो, हा प्रथिनापासून. तेव्हा रोग्याच्या पूर्वायुष्यातील दोष शोधीत बसणाऱ्या आप्तेष्टांनी गीतेला साक्षीस बोलावू नये.) अगुस्तेला आपल्या मेंदूचे पुढे काय होणार हे कोणी विचारले नाही. त्या काळी तशी रीत नव्हती. परंतु जगभर आज या रोगाविषयी जे काही ठाऊक आहे, त्याच्या मुळाशी तिचे हे नकळत घेतलेले दान आहे, हे विसरता येत नाही.

ज्यांना विचारले गेले अशांची गोष्ट दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात घडली. तेथील आंतिओकिया प्रांताच्या डोंगराळ भागात काही कुळांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे चाळिशीच्या मध्यावर, म्हणजे आमच्याच वयाची असताना, विसरू लागत. कोणी त्याला शाप म्हणे, कोणी काही. आपल्याकडेही कुळाला लागलेल्या दोषाच्या कथा ऐकतच आपण मोठे झालो आहोत, त्यामुळे त्या लोकांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. मेदेयिनचे डॉक्टर फ्रान्सिस्को लोपेरा १९८० नंतरच्या दशकात या कुळांच्या मागे लागले ते २०२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत. दोष सापडला तो चौदाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात. हे जनुक एका कात्रीसारख्या द्रव्याचा भाग घडविते. ती कात्री वाकडी चालली की मेंदूत अ‍ॅमिलॉइडचा अधिक चिकट प्रकार साचू लागतो. आई किंवा बाप यांपैकी एकाकडे हा दोष असला की मुलाला तो येण्याचा संभव निम्मा.

२०१३ मध्ये या कुळांतील धडधाकट माणसांवर एका औषधाचा प्रयोग सुरू झाला. भाग घेणारे २५२. त्यांपैकी १६९ जणांच्या अंगी दोष होता. ८३ जणांच्या अंगी नव्हता. ज्यांना रोग होणारच नव्हता त्यांना का घेतले? कारण केवळ दोषी जनुकाच्या माणसांनाच बोलावले असते, तर बोलावणे हेच निदान ठरले असते, आणि पुष्कळांना आपले भविष्य जाणून घ्यायचे नव्हते. म्हणून त्या ८३ जणांना वर्षानुवर्षे औषध नसलेली सुई टोचण्यात आली. आपण त्यांतले की यांतले हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. चुलत्याचे गुपित राखण्यासाठी आपण दंड पुढे करीत आहोत याचा त्यांना पत्ताही नसेल. २०२२ मध्ये निकाल लागला : औषधाने स्पष्ट असा गुण दाखविला नाही. फलाशेवाचून केलेल्या कर्माविषयी आपण प्रवचने ऐकतो. आम्हांला त्याचे उदाहरण विचारले तर आम्ही या ८३ जणांकडे बोट दाखवू.

पण या सर्वांना 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत होते. आमच्या अशिलाच्या वडिलांचे तसे नाही. आणि येथेच संशोधनाची खरी अडचण आहे. लेकानेमॅब नावाच्या औषधाचा १,७९५ रोग्यांवर अठरा महिने प्रयोग झाला. १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे व न घेणारे यांच्यात फरक पडला तो ०.४५ गुणांचा, रोग थांबला नाही, किंचित मंदावला. आठांत एकाच्या मेंदूला थोडीबहुत सूज आल्याचेही चित्रांत दिसले. शिवाय हे औषध आहे ते रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील माणसांसाठी. जे पुढे निघून गेले आहेत त्यांच्यासाठी काही शोधायचे तर त्यांच्यातच शोधावे लागेल. त्यांना संमती देता येत नाही म्हणून संशोधनास सरसकट बंदी केली, तर तो कनवाळूपणा नव्हे. तो त्यांना वाळीत टाकण्याचा प्रकार आहे.

मग त्यांच्या वतीने बोलावे कोणी? लोक आमच्याकडे मुखत्यारपत्र करून घेण्यास येतात व निर्धास्त होऊन जातात. त्यांना सांगावे लागते की १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारीही संपते. ज्या दिवसासाठी छत्री घेतली त्याच दिवशी ती मिटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने संशोधनापुरती वेगळी वाट काढली आहे. ज्याला संमती देता येत नाही, परंतु जो विरोधही करीत नाही, अशा माणसावर संशोधन करायचे तर राज्याच्या प्राधिकरणाची परवानगी हवी. आणि संमती देऊ शकणाऱ्या माणसांवर ते संशोधन होणेच शक्य नसेल, तरच नेमलेल्या प्रतिनिधीच्या संमतीवर ते करता येते. त्या कलमातील 'विरोध करीत नाही' हे शब्द आम्ही अनेकदा वाचले. बुद्धी गेलेल्या माणसाला संमती देता येत नाही, पण विरोध करता येतो, असे कायदा मानतो.

याहून जुने एक उदाहरण देवळात जाणाऱ्या वाचकांना जवळचे वाटेल. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील कुलदेवतेचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पूजेची पाळी आली की एक सेवेकरी मूर्ती आपल्या घरी नेऊ पाहत होता. १९२५ मध्ये निकाल झाला की मूर्ती म्हणजे सेवेकऱ्याची जंगम मालमत्ता नव्हे. तिने कोठे राहावे याविषयी तिचीही इच्छा मानली पाहिजे, आणि ती न्यायालयापुढे मांडण्यास ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ नाही असा मनुष्य नेमला पाहिजे. इंग्रज न्यायमूर्तींनी देवाच्या इच्छेची चौकशी करावी याचे काहींना हसू येईल. कौल लावणाऱ्या आपल्या लोकांना ते येऊ नये. आमच्या कायद्यात देव हा कायमचा अज्ञान असतो : हक्क त्याचे, तोंड दुसऱ्याचे. जे सेवेकऱ्याला बंधनकारक, ते मुलाला व संशोधकाला का नसावे? जो दगडाची इच्छा मानतो, त्याने बापाचा हात मानू नये?

आमच्या अशिलाने एक बिनतोड शंका काढली. बाबा अंघोळीलाही हात आखडून घेतात. म्हणून त्यांना अंघोळ घालू नये काय? या शंकेने आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो. अखेर आम्हांला फरक दिसला तो हा : अंघोळ त्यांच्यासाठी आहे, रक्त दुसऱ्यांसाठी. माणसाच्या स्वतःच्या हितासाठी थोडा आग्रह करता येतो, औषधाचा चमचा ओठाशी दोनदा नेता येतो. दान मात्र मनगट धरून घेता येत नाही, मग ते दान त्याने पूर्वी कबूल केलेले का असेना. सही करणारा बुद्धिमान जमाखर्चनीस आज हजर नाही. जो हजर आहे त्याच्या दंडात सुई जायची आहे. पूर्वीच्या माणसाचा शब्द मोलाचा खरा, पण त्याची किंमत आजच्या माणसाने भीतीने चुकवावी, असे त्या सज्जनानेही मान्य केले नसते.

आम्ही सल्ला दिला तो असा की, आजवर दिलेले रक्त संशोधकांनी ठेवावे, नवे घेऊ नये. संशोधकांनी तो विनातक्रार मानला. त्या कागदावर आणखी एक कलम होते, मरणोत्तर मेंदू संशोधनास देण्याविषयी. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत अशी मेंदूंची पेढी १९९५ पासून आहे. मुलाने विचारले, हेही खोडायचे काय? आम्ही नाही म्हटले. तेथे उपरण्याखाली जाणारा हात नसेल. तेथे सहीच बोलेल. ते गृहस्थ कागदाची नीट घडी घालून निघाले आणि दारात थांबून म्हणाले, "सही तपासायला कागद त्यांच्यापुढे धरला होता. ओळखली नाही. पण अक्षर चांगले आहे म्हणाले."