हाकेला धावलेलं गाव

कलावंतावर एखाद्या गावाचा हक्क कशानं येतो? आपण पहिल्यांदा जन्मगाव विचारतो. लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकी रॉक बँडचं जन्मगाव फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, आणि त्या शहराला त्याचा अभिमान आहे. तरीही या बँडच्या कहाणीत मिसिसिपीतल्या गिल्सबर्गचा हक्क मला त्याहून मोठा वाटतो. लुइझियानाच्या हद्दीजवळची, शेतं, कुरणं आणि पाइनची रानं यांच्यातली ही लहानशी वस्ती.

२० ऑक्टोबर १९७७ रोजी बँडचं विमान साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलहून लुइझियानातल्या बॅटन रूजला निघालं होतं. नवा अल्बम बाजारात येऊन तीनच दिवस झाले होते. वाटेत इंधन संपलं आणि संध्याकाळी विमान गिल्सबर्गजवळच्या दलदलीच्या रानात कोसळलं. विमानात २६ जण होते. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण गायिका कॅसी गेन्स, बँडचा एक साहाय्यक आणि दोन्ही वैमानिक असे सहा जण गेले. वीस जण वाचले.

ड्रमवादक आर्टिमस पाइल जखमी अवस्थेत रान तुडवत जवळच्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला. अंधार पडत होता आणि गाड्या आत जाण्यासारखी वाट नव्हती. आसपासची माणसं चिखलातून, ओढ्यातून चालत आत गेली आणि त्यांनी जखमींना बाहेर काढलं. रानाची माहिती त्यांनाच होती. कुठे पाय रुततो आणि कुठून वाट काढता येते, हे शेतीवर जगणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्या रात्री हे ज्ञान जीव वाचवायला कामी आलं.

त्या माणसांपैकी कितीजणांना हे संगीत आवडत होतं, हा प्रश्नच गैरलागू आहे. रसिक कलावंताकडे गाण्यासाठी येतो, त्याचं प्रेम खरंच असतं. पण त्याला काहीतरी मिळत असतं. गिल्सबर्गकरांनी आत धाव घेतली ती कण्हणाऱ्या माणसांसाठी. त्यांची कीर्ती त्या अंधारात कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

पुढे १९८७ मध्ये रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी याला गायक म्हणून घेऊन बँड पुन्हा उभा राहिला. वाचलेल्यांपैकी गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन २०२३ मध्ये निधन होईपर्यंत त्या बँडशी जोडलेला राहिला. त्या वर्षांतल्या त्याच्या प्रत्येक सुरामागे गिल्सबर्गच्या अनोळखी हातांचा वाटा आहे. तिथलं स्मारक मात्र २०१९ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी उभं राहिलं.

संस्कृतीचा इतिहास लिहिताना आपण कलावंत, आश्रयदाते आणि रसिक यांची नोंद करतो. कलावंताला माणूस म्हणून उचलून घेणाऱ्यांसाठी त्यात रकाना नसतो. तो असायला हवा, आणि त्यात गिल्सबर्गचं नाव पहिल्या ओळींत लिहायला हवं.