बदली गाडी

आमच्या बँकेत ‘बदली’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही अर्थांनी माणसाच्या पोटात गोळा येतो. एक बदली म्हणजे आपण परगावी जाणं. दुसरी म्हणजे आपण रजेवर असताना आपल्या खुर्चीत दुसरा माणूस बसणं. पहिलीने बायको घाबरते, दुसरीने आपण. कारण रजेवरून परत यावं तर कळतं, कामकाज सुरळीत झालं, आपल्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. मग एखाद्या पेन्शनर आजीबाई येतात आणि म्हणतात, “तुम्ही नव्हता, म्हणून दोनदा माघारी गेले हो!” एवढ्या एका वाक्यावर कारकून निवृत्तीपर्यंत तग धरतो.

आता प्रश्न असा, की बदली माणूस हजर होता, पैसे मोजून देत होता, तरी आजीबाई माघारी का गेल्या? हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. दोन हजार वर्षांपूर्वी मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने असंच कोड्यात टाकलं होतं. ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे नेमकं काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत गेला. आमच्या घरात हाच प्रश्न सध्या उभा आहे. फक्त रथाच्या जागी मॅटाडोर आहे, आणि नागसेनाच्या जागी माझा पुतण्या, जो पुण्याहून इंजिनियर होऊन आला आहे.

आजच्या पोरांना मॅटाडोर म्हणजे काय ते सांगावं लागतं. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी १९६९ च्या सुमारास रस्त्यावर आली आणि पुढची तीसेक वर्षं तिने महाराष्ट्र वाहिला. वाण मूळचं जर्मन, पण खाल्ल्या घरची झाली. कंपनीचं नावसुद्धा २००५ साली ‘फोर्स मोटर्स’ झालं. लोक मात्र अजून कुठल्याही चौकोनी तोंडाच्या गाडीला मॅटाडोरच म्हणतात. आमच्या काकांनी १९९६ साली ती घेतली. आठवडाभर ती यंत्रमागाच्या कोऱ्या कापडाचे तागे वाही आणि उन्हाळ्याच्या सुटीत आम्हां चौदा जणांना. तागे बरे होते, ते भांडत नसत. मागची बाकं काढून गाद्या अंथरल्या, खिडक्यांना जुन्या लुगड्यांचे पडदे लावले, वातीचा स्टोव्ह, दशम्यांचा डबा आणि पाण्याची कळशी आत ठेवली, की झालं फिरतं घर. साहेब लोक याला ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात हे आम्हांला फार उशिरा कळलं. शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “म्हणजे आपण पंचवीस वर्षं सरकारच्या पुढे होतो की रे!”

पण गाडीचंही माणसासारखंच आहे. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करायची, मग दर पाच वर्षांनी पुन्हा, पर्यावरण कर भरून. आता २०२६ चा फेरा आला. पुतण्या म्हणतो, भंगारात द्या आणि विजेवर चालणारी मोठी गाडी घ्या. काकांच्या माघारी गाडी सांभाळणारा माझा चुलतभाऊ, दादा, म्हणतो, “घरातलं माणूस भंगारात देतात का?” आणि काकू, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, म्हणतात, “तुमचं काय ते लवकर ठरवा. मला एकदा गडावर जायचंय.” गड म्हणजे सप्तशृंगीचा. त्यांच्या गुडघ्यांमुळे एसटीत बसवत नाही. वाटेत आडवं व्हायला जागा लागते. तेव्हा हा वाद वरवर गाडीचा दिसला तरी त्याला मुदत होती, आणि ती मुदत परिवहन कार्यालयाने घातलेली नव्हती.

घरात एकटा बी.कॉम. मी, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी प्रथम परदेशचा दाखला पाहिला. तिकडची फिरत्या घराची मूळ देवी म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन, जन्म १९५०. तिच्यात गाद्या घालून गोरी पोरं इराण-अफगाणिस्तानातून थेट गोव्यापर्यंत येत. याच कंपनीने १९७२ साली बॅटरीवरची व्हॅन करून पाहिली होती. पण शिशाच्या बॅटऱ्यांचं ओझं एवढं, की एका दमात शंभर किलोमीटरही होईनात. म्हणजे बिचारी स्वतःलाच वाहत होती. पन्नास वर्षांनी, २०२२ साली, तिचा विजेवरचा अवतार पुन्हा प्रकट झाला तो चांगला चारशेच्या घरात धावणारा. तात्पर्य, पन्नास वर्षांत बॅटरी सुधारते. चुलतभावाबद्दल तसं सांगता येत नाही.

खरं तर परदेशात जायचं कारण नव्हतं. ‘बदली’ या विषयात मालेगावाला कुणी शिकवू नये. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी इथे हातमाग वाढवले. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथे दुसऱ्यांदा संसाराला लागले. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा घोडे परवडेनात म्हणून डाकू सायकलींवर बसवले. लोकांनी पोट धरून हसत तो डोक्यावर घेतला. तिथे घोड्याची बदली सायकलने केली आणि ती लागू पडली. का? कारण त्या गोष्टीला घोडा नको होता, डाकू गावात यायला हवा होता. हे लक्षात आल्यावर मला वाटलं, आपल्याला वाटेची खूण सापडली. बदली चालेल की नाही हे नव्या वस्तूवरून ठरत नाही. जुन्या वस्तूकडून आपण काय घेत होतो, त्यावरून ठरतं.

मग मी कर्जाच्या अर्जासारखे रकाने आखले. रकाना पहिला, अंतर. मालेगावाहून देवळा-कळवण करत गड शंभर किलोमीटरच्या आत. रकाना दुसरा, चारा. साठ युनिटांची बॅटरी धरली, तर घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिटं जातात; पोटभर जेवायला वीस तास. ऐकून दादा विजयाने हसला. “डिझेल पाच मिनिटांत!” पण आपल्याला कुठे रोज मुंबई गाठायची आहे? धर्मशाळेत रात्री दहा तास तार लावली, तर तीस युनिटं; भरल्या गाडीलाही त्यात सव्वाशे किलोमीटर निघतील. सॉकेट देणारी धर्मशाळा मात्र हवी, आणि रात्रभर वीज हवी. या दोन अटी मी तांबड्या शाईने लिहिल्या. भारनियमन पाहिलेला माणूस त्या विसरत नाही.

रकाना तिसरा, मुक्काम. मॅटाडोर थांबली की तिची भट्टी होई. मे महिन्यातली ती रात्र आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत काढत असू. चाळीस वॅटचा पंखा रात्रभर फिरला, तर अर्धं युनिटसुद्धा लागत नाही. विजेच्या गाडीत काकूंना पंखा मिळेल, न घरघरता, न धुरता. रकाना चौथा, घाट. चढताना गाडी वीज खाते, पण उतरताना थोडी परत जमा करते. हे वाचून माझ्यातला बँकवाला गहिवरला. खर्च केलेल्या रकमेचा काही भाग आपणहून खात्यावर परत येतो, असा ग्राहक मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

दादाचं उत्तर एकच. “ते सगळं खरं. पण मजा?”

या मजेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. मॅटाडोरच्या मागे जो चालायचा त्याला कसली मजा? तिचा काळा धूर आम्ही मागे सोडून जात होतो, म्हणून तो आम्हांला दिसला नाही एवढंच. आपल्या आठवणींचं बिल दुसऱ्याच्या छातीवर फाडणं हे नीतीत बसतं का? पुतण्या लगेच ताठ बसला. त्यालाही मी सोडलं नाही. “बाबा रे, तुझी वीज तरी कुठे गंगेतून येते? नाशिकजवळ एकलहऱ्याला कोळसाच जळतो ना?” त्यावर तो म्हणाला, “काका, तिथे उद्या ऊनही कामाला लावता येईल. मॅटाडोरला काहीही केलं तरी ती डिझेलच पिणार.” पोराला पुण्यात अगदीच काही शिकवत नाहीत असं नाही.

आणि मग मला मॅटाडोरच्याही आधीची गाडी आठवली, माझ्या आजोबांची बैलगाडी. चंदनपुरीच्या खंडोबाच्या यात्रेला ती निघे. वर तट्ट्या, आत गवतावर घोंगडी. तेही फिरतं घरच. ती कोसा-दोन कोसांवर थांबे, कारण बैल थांबत. बैल सोडायचे, पाणी पाजायचं, वैरण टाकायची. तोवर चूल पेटे, शेजारच्या गाडीतल्या बायकांशी ओळख होई, एखादं लग्नही जुळे. मॅटाडोर या शब्दाचा मूळ अर्थ बैलाशी झुंजून त्याला मारणारा. नाव अगदी सार्थ ठेवलं म्हणायचं! तिने बैलगाडी मारली तेव्हाही कुणी आजोबा म्हणालेच असतील, “ते सगळं खरं, पण मजा?”

आमची मॅटाडोर थांबायची ती तापायची म्हणून. हल्लीच्या गाड्या तापत नाहीत, म्हणून थांबत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने काकूंना नव्या डिझेल गाडीतून गडावर नेलं आणि दुपारच्या आत परत आणून सोडलं. त्याला त्याचा अभिमान होता. काकू मात्र गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, “देवी पाहिली रे. रस्ता नाही पाहिला.”

म्हणून शेवटी मी सगळे रकाने काकूंपुढे ठेवले. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले. पहिला, “तीत पाय पसरून झोपता येतं का?” पुतण्या म्हणाला, येईल, तळ सपाट असतो. दुसरा, “वाटेत थांबणार का?” पुतण्या ओशाळला. “लांब जायचं तर थांबावंच लागेल, आजी. चार्जिंगला तासभर तरी जाईल.”

“मग बरी आहे,” काकू म्हणाल्या. “थांबणारी गाडी हवी.”

माझ्या अहवालात मी या गाडीचा सर्वांत मोठा दोष म्हणून जे लिहिलं होतं, ते काकूंनी गुणाच्या रकान्यात घातलं. विचार करता मला त्यांचंच पटलं. गाडीची बदली होते. बैलाची झाली, मॅटाडोरची होईल. बदली मिळत नाही ती सवडीला. चौदा माणसं चार दिवस एकमेकांच्या अंगावर पडत होती, ती मॅटाडोरमुळे नव्हे, तर चार दिवस मोकळे होते म्हणून. आज गाडी विजेची आणा नाहीतर पुष्पक विमान आणा, घरातल्या सगळ्यांच्या रजा एका तारखेला जुळवणं हेच सगळ्यांत अव्यवहार्य काम आहे. ते मी अंगावर घेतलं आहे.

दादाही अखेर तयार झाला. पण एक अट घातली. “जुनं काहीतरी हवंच. निदान वातीचा स्टोव्ह बरोबर घेऊ. त्या चहाची चव—”

“स्टोव्ह मुळीच नको,” काकू कडाडल्या. “सगळ्या सुट्या त्याच्या वाती वरखाली करण्यात गेल्या माझ्या. खिडकीत बसून तुम्ही डोंगर पाहिले, मी रॉकेलचा वास घेतला. विजेची शेगडी घ्या. आणि ती कशी चालवायची ते आत्ताच शिकून घे रे दादा, गडावर चहा तू करणार आहेस.”