पर्णकुटीचे काय टिकले?

पंचवटीत सीता गुंफेपाशी आलेला भाविक आधी पाच वड मोजतो. लक्ष्मणाने पर्णकुटी बांधली ती याच परिसरात, अशी श्रद्धा. त्या कुटीची काडीही आज उरलेली नाही. तरीही लोक शतकानुशतके इथे येऊन माथा टेकवतात.

मग जुने घर जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला हा प्रश्न रोजच्या कामातला आहे. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले. माती, लाकूड आणि बांबूची बापू कुटी आता स्मारक म्हणून जपली जाते. पण मातीची भिंत पावसाला किती पुरणार? ती पुन्हा लिंपावी लागते, कौले चाळावी लागतात. माती बदलली म्हणून कुटी दुसरी झाली का? ‘मिलिंदपञ्हा’त भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला असेच विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? कुठलाही एक भाग रथ नसतो. सगळे भाग मिळून जे जुळते, त्याला आपण रथ म्हणतो. तसेच पुरीत 2015 च्या नवकलेवर विधीत जगन्नाथाची लाकडी मूर्ती नवी घडवली गेली. भक्तांचा जगन्नाथ मात्र तोच राहिला.

म्हणजे द्रव्य बदलूनही वास्तू तीच राहू शकते. याची उलट बाजू पंचवटीनेच पाहिली आहे.

सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले काळाराम मंदिर काळ्या दगडात भक्कम उभे आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष या मंदिराच्या दाराशी आले. दारे बंद झाली. सत्याग्रह काही वर्षे चालला, तरी प्रवेश मिळाला नाही. दगड जागचा हलला नव्हता. पण गुहाला मिठी मारणारा, शबरीची बोरे खाणारा राम ज्या घरात राहतो असे लोक मानत, त्या घराची रीत त्या दारात मोडली होती. दगड जपला आणि घर हरवले, असेही घडू शकते.

म्हणूनच पंचवटी दाखवणाऱ्याने यात्रेकरूला वडांचे आकडे सांगावेत, गुंफेची कथा सांगावी आणि काळारामाच्या दाराशी थांबून 2 मार्चची हकीकतही सांगावी. कुटी कुणी बांधली हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. रामाच्या दारातून कुणाला परत पाठवले, हेही त्यांना इथेच कळायला हवे.