हे फॉर्म परत न्या

मान वर करा आणि हा गठ्ठा बघा. राजापूर तालुक्यातले गुडघेदुखीने बेजार झालेले पेशंट तुम्हीच निवडलेत आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर १११११! चालणं-फिरणं, अंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी, कशाचाच त्रास नाही. मग ही माणसं दवाखान्याच्या रांगेत बसतात कशाला?

कोदवलीचा फॉर्म तुझा ना? आजी ओटीवर, उत्तरं सुनेची, खुणा तुझ्या. ‘त्यांना सगळं हातात मिळतं’ असं सून म्हणाली आणि तू ‘काही अडचण नाही’वर खूण करून मोकळी झालीस. अगं, न्हाणीपर्यंत त्यांना हाताला धरून न्यावं लागतं, हे तूच मला येताना सांगितलंस! जांभ्याची पाखाडी उतरून जवाहर चौकात येणं त्यांनी कधीच सोडलंय. सुनेसमोर त्या ‘बरं हाय, बाय’च म्हणणार. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही त्यांची रीत. तेवढं ऐकून तू पान उलटलंस!

या ईक्यू-५डी नावाच्या आरोग्य-प्रश्नावलीत पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच पायऱ्या, म्हणजे ३१२५ अवस्था मांडता येतात. घरच्यांनी उत्तरं द्यायची असतील तर त्याचा नमुना वेगळा असतो, हे वर्गात सांगून झालंय. प्रश्न ‘आज’चा आहे, तुम्ही ‘हल्ली कसं काय?’ विचारत फिरलात. आणि शून्य ते शंभरच्या उभ्या पट्टीवर सगळीकडे ८०? ती खूण पेशंटने करायची असते.

चंदीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी हजारो भारतीयांना विचारून या उत्तरांचे गुण ठरवले. ती सारणी २०२२ मध्ये छापून आली. कुठल्या उपचारावर सरकारी पैसा घालावा, याचा हिशेब अशा गुणांवर होतो. तुमच्या कागदांवरून उद्या कोणी म्हणेल, राजापुरात गुडघ्यांचा काही प्रश्नच नाही. त्या आजींच्या दुखण्याची नोंद करायला दुसरं कोण जाणार होतं?

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने परत जायचं. सुनेला नीट सांगायचं, ‘मला आजींशी एकटीने बोलायचंय.’ प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. त्या गप्प राहिल्या तर तूही थांबायचंस, उत्तर सुचवायचं नाही. पट्टी आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्यायची. जुने फॉर्म फाडू नका. ‘रद्द’ लिहून, तारीख-सही करून नव्यांच्या खाली टाचा.