गाडा रिकामा हाय का?

आमच्याकडं उसनं आणि मागून आणलेलं या दोन वेगळ्या गोष्टी. पीठ, साखर, चहाची पूड, गोडंतेल हे उसनं. वाटीभर आणायचं, घरात जिन्नस आला की वाटीभर परत करायचं. आणलेल्या पिठाची केव्हाच भाकरी होऊन गेलेली असते, परत जातं ते दुसरंच पीठ. मागून आणलेल्या वस्तूचं तसं नसतं. शेवयांचा पाट, लग्नातली मोठी पातेली, बाळंतिणीची बाज, पाळणा, जे नेलं तेच परत आलं पाहिजे. आजी पीठ घेताना वाटी सपाट घ्यायची आणि परत करताना शिगोशिग भरायची. पातेल्याला शीग कशी लावणार? मग ते नेलं होतं त्याहून लखलखीत घासून परत करायचं. दिवेलागणीनंतर मीठ आणि विरजण कुणी देत नसे, म्हणून कुणी मागतही नसे. बैलांचा पैरा हा तिसराच प्रकार, त्यात दोन्हीकडचे देणारेही असत आणि घेणारेही.

आम्हा पोरांच्या खेळण्यांना मात्र यातला कुठलाच कायदा नव्हता. विटीदांडू ज्यानं तासून आणला त्याचा, पण एकट्याला खेळता येत नाही म्हणून सगळ्यांचा. गोट्या जिंकेल त्याच्या. भोवरा मात्र कुणी कुणाला देत नसे, सख्ख्या भावालासुद्धा. हरला की त्यावर दुसऱ्याच्या भोवऱ्याच्या आरीचे गुच्चे बसायचे. आपला भोवरा दुसऱ्याच्या हातून गुच्चे खाऊन येणं कुणाला सोसणार? ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या आणि बेंदराचे मातीचे बैल तर आठवडाभरात मोडून जायचे, त्यामुळं त्यांच्या मालकीचा प्रश्न कधी उभाच राहिला नाही.

प्रश्न उभा राहिला तो पांगुळगाड्याच्या बाबतीत. तो खेळणं आहे की अवजार, हेही नीट सांगता येत नाही. तीन चाकं, मागं उभी चौकट, तिच्यावर आडवी दांडी. दांडी धरून पोरानं उभं राहायचं आणि गाडा पुढं ढकलत एकेक पाऊल टाकायचं. माझ्या थोरल्या चुलत्यासाठी आमच्या सुतारानं तो बाभळीचा करून दिला होता. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. बलुत्याची ज्वारी सुगीला जायचीच, तिच्यात नांगर, मोघा, कुऱ्हाडीचा दांडा आणि हा गाडाही बसला. चुलते चालायला लागले आणि गाडा आळीत फिरायला लागला. त्याला वर्षाचे बारा महिने काम असे. एका घरचं पोर पळायला लागलं की दुसऱ्या घरची बाई अंगणात येऊन विचारायची, "गाडा रिकामा हाय का?" दे म्हणायचं नाही, रिकामा आहे का एवढंच विचारायचं. यात मला आजही फार शहाणपण दिसतं. असं विचारलं की मागणाऱ्याला हात पसरावा लागत नाही आणि देणाऱ्यालाही उपकार केल्याचा तोरा मिरवता येत नाही. परत करताना चाकांना एरंडेल लावायचं आणि दांडीला गुळाचा खडा फडक्यात बांधून आणायचा, अशी आमच्या आळीची रीत होती.

हल्ली वर्तमानपत्रांत 'अनुदानाचा पांगुळगाडा' असं काहीतरी हिणवून लिहिलेलं वाचतो, तेव्हा वाटतं की लिहिणाऱ्यानं पांगुळगाडा पाहिलेला नसावा. पांगुळगाड्यानं पांगळं झालेलं पोर आमच्या आळीत तरी कुणी पाहिलं नाही.

१९६६ साली उन्हाळ्याच्या तोंडाला वेशीबाहेरच्या वस्तीवरची एक बाई आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. ती वस्ती १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झाली होती, पण गावाच्या तोंडी जुनंच नाव होतं. तिचा सासरा पूर्वी तराळकी करायचा. तिनंही तेच विचारलं, "थोरल्या आई, गाडा रिकामा हाय का? पोरगं चौदा म्हयन्याचं झालंय, अजून उभं ऱ्हाईना."

गाडा रिकामाच होता, जात्याशेजारी पडलेला. चुलती आजीकडं बघायला लागली. आजीनं गाडा उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला. हातात दिला नाही, खाली ठेवला. तिनं तो उचलून डोक्यावर घेतला आणि गेली. आजीला पुढं काही लोकांनी सुधारक ठरवलं, म्हणून हे सांगून टाकतो. तिच्या हंड्याला त्या बाईचा हात लागलेला तिला चालला नसता. पण चौदा महिन्यांचं पोर उभं राहत नाही आणि गाडा जात्यापाशी पडलाय, या दोन गोष्टी एकत्र ऐकून 'नाही' म्हणणं तिला जमलं नाही, एवढंच.

साडेतीन महिन्यांनी गाडा परत आला. चाकाची एक खुंटी सैल झाली होती, ती नवी बसवलेली. चाकांना एरंडेल. दांडीला फडक्यात गुळाचा खडा. वेशीबाहेर असूनही त्या बाईला आळीची रीत ठाऊक होती. आजीनं गाड्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि गुळाचा खडा गाईला घातला.

त्यानंतर आमच्याकडं गाडा मागायला कुणी आलं नाही. भांडण नाही, बैठक नाही, कुणी अबोला धरला नाही. हळदीकुंकवाला बोलावणी येत होती, पैऱ्याला बैल येत होते. फक्त 'गाडा रिकामा हाय का' हे वाक्य आमच्या अंगणात ऐकू येईना. वर्षभरात कळलं की वरच्या आळीतल्या एका घरानं सुताराकडनं नवा गाडा करून घेतलाय आणि तो सगळीकडं फिरतोय. चुलते आजीवर करवादले, "आता ह्यो गाडा न्हेणार कोण?" आजी म्हणाली, "नका न्हेऊ. आपल्या घरात पोरं व्हायची थांबल्यात व्हय?" तेव्हापासून गावात दोन गाडे झाले. एक चाळीस-पन्नास घरं फिरायचा. दुसरा आमचं घर आणि वेशीबाहेरची दहा-बारा घरं.

पुढं मास्तर झालो, पोरांना नागरिकशास्त्र शिकवायला लागलो, आणि हा गाडा मला धड्यात आडवा यायला लागला. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा १९५५ साली झाला. विहीर, देऊळ, हॉटेल, धर्मशाळा, दवाखाना या जागी कुणाला अडवलं तर शिक्षा. ते बरोबरच आहे, कारण तिथं जायचा माणसाला हक्क आहे. पण शेजाऱ्याचा पांगुळगाडा मागून न्यायचा हक्क कुणालाच नाही. देणं ही मर्जीची गोष्ट. मी माझा गाडा तुम्हाला दिला नाही तर मी तुमचं काही हिरावून घेतलं असं होत नाही. फार तर कंजूष म्हणाल.

आता हेच चाळीस घरांनी केलं तर? प्रत्येक घराचं उत्तर तेच, वस्तू आमची, मर्जी आमची. एकेका घराशी वाद घातला तर प्रत्येक घर जिंकतं. आणि चाळीस मर्ज्या नेमक्या त्याच दहा-बारा घरांपाशी येऊन संपतात, तेव्हा भिंत उभी राहते. तिची एकही वीट बेकायदा नसते. वाळीत टाकणं म्हणावं तर कुणी ठराव केलेला नाही. आमच्या गावानं तर मर्जी याहून पुढं नेली. त्या घरांना गाडा नाकारलाच, पण ज्या घरानं दिला त्याच्याकडनं घ्यायचंही बंद केलं. न घेणं हाही मर्जीचाच भाग, त्याला कोण काय म्हणणार?

यावर माझ्या चुलत्यांचं म्हणणं मी पुष्कळ वर्षं ऐकलं, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हतं. ते म्हणायचे, "द्यायलाच पाहिजे असं ठरलं, की मग त्ये देणं ऱ्हाईलं कुठं? त्यो फाळा झाला." खरं आहे. सक्तीनं दिलेल्या गाड्याला गुळाचा खडा बांधून येणार नाही. पण ते एक विसरत होते. आळीतल्या बायकांना आजीनं नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यांच्यासाठी ते देणं केव्हाच मर्जीचं उरलेलं नव्हतं, ते पाण्यासारखं वाहत होतं. मर्जी आठवली ती वेशीबाहेरची बाई अंगणात उभी राहिल्यावर. नेहमी वापरात नसलेलं स्वातंत्र्य कुणासाठी बाहेर काढलं जातं, ते बघावं लागतं. चुलत्यांना हे मी एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मास्तर झालास," आणि बैलं सोडायला गेले.

आता गावात एकही गाडा फिरत नाही. आठवडी बाजारात रंगीत प्लास्टिकचे वॉकर मिळतात, पोराला आत बसवायचे. बालरोगतज्ज्ञ ते वापरू नका म्हणून सांगतात, कॅनडानं तर २००४ पासून त्यांच्यावर बंदीच घातली आहे. आपला पांगुळगाडा पोराला उभं करायचा, हा बसवून ठेवतो. पण ते एक असो. दर घरात खेळण्यांची पोतडी भरलेली आणि कुणाला कुणाकडं काही मागायला जावं लागत नाही. माझ्या वयाची माणसं पारावर बसून हळहळतात, काय आपलेपणा होता, एका गाड्यावर अख्खं गाव चालायला शिकलं! अख्खं गाव म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढं वेशीच्या आतलंच गाव असतं.

ते चौदा महिन्यांचं पोर एसटीत कंडक्टर झालं, आता निवृत्त होऊन गावातच नवं घर बांधून राहिलंय. परवा पारावर ही हळहळ चालली असताना ते शेजारी होते. घरी जाताना मला म्हणाले, "गुरुजी, बाजारात पैसं टाकलं की दुकानदार इचारत न्हाई कुठल्या आळीचा म्हणून. मला तर प्लास्टिकचाच वॉकर ग्वाड लागतुय." बाबासाहेबांनी १९४८ साली घटनासभेत खेड्याविषयी जे कडक बोल काढले, ते आमच्या पारावर कुणाला आवडत नाहीत. मला ते कंडक्टरच्या या एका वाक्यात नीट उमगले. मागावंच लागू नये, हेही एक सुख आहे, आणि ज्यांना मागताना कधी काही वाटलं नाही त्यांना ते कळणं अवघड.

तरी माझं पुरतं समाधान झालं नाही. मी विचारलं, तुमच्या आईनं मागून नेला होता की. त्यावर ते थोडं थांबले. "आई सांगायची ना," म्हणाले, "इचारायच्या आधी दोन येळा वेशीपतुर यिऊन माघारी गेली हुती म्हणं. तिसऱ्या येळंला मला कडंवर घिऊनच निघाली, म्हंजी फिरता यीना."

म्हणजे त्या दिवशी ते स्वतःही अंगणात होते. पोर कडेवर होतं, हे माझ्या आठवणीतून गळून गेलेलं.

आमचा गाडा अजून माळ्यावर आहे. पुण्याच्या पुतणीला तो दिवाणखान्यात कुंडी ठेवायला हवा आहे, दोनदा फोन येऊन गेला. कंडक्टरांचा नातू दहा महिन्यांचा झालाय, भिंतीला धरून उभा राहतो. मी म्हटलं, "गाडा रिकामा आहे, हवा असला तर न्या."

ते हसले. म्हणाले, "चालंल की गुरुजी. पर न्यायला मी येणार न्हाई. तुमी आणून द्या."

उद्या शिडी लावून काढावा म्हणतो. डावं चाक करकरतंय, एरंडेल घालावं लागेल. गुळाचा खडा बांधायची रीत परत करणाऱ्याला होती, घरपोच नेऊन देणाऱ्यानं काय न्यायचं हे कधी ठरलेलंच नाही.