वेशीबाहेर

शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-७, इब्री १३:१२-१४



यार्देन उतरल्यावर इस्राएलांनी नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणले. का? तर पुढे मुलांनी विचारावे, हे धोंडे कशाचे? स्मारक पाहून मुलांनी प्रश्न करावा, हीच देवाची इच्छा होती.

अमेरिकेत टेक्सस राज्यात ग्रोसबेक गावाजवळ फोर्ट पार्कर नावाची गढी होती. त्या मुलखात अशा जुन्या जागांपाशी रस्त्याच्या कडेला पाट्या असतात. गढी कोणी बांधली, केव्हा बांधली, किती माणसे पडली, हे मोटार थांबवून दोन मिनिटांत वाचून होते. पण या गढीची हकीकत दोन मिनिटांत संपणारी नाही.

पार्कर हे बाप्टिस्ट मंडळीचे कुटुंब. १८३४ साली त्यांनी वस्तीभोवती उंच ओंडक्यांचा कोट उभारला. भोवतालच्या मुलखात कोमांची व इतर मूळच्या जमाती वावरत होत्या. १९ मे १८३६ रोजी पुष्कळसे पुरुष शेतावर असताना हल्ला झाला. वृद्ध जॉन पार्कर यांच्यासह पाच पुरुष ठार झाले. दोन स्त्रिया व तीन मुले पळवून नेली गेली. त्यांत नऊएक वर्षांची सिंथिया ॲन होती.

ती कोमांची लोकांत वाढली, त्यांचीच भाषा बोलू लागली. त्यांच्या एका नायकाशी तिचे लग्न झाले, तीन मुले झाली. डिसेंबर १८६० मध्ये टेक्ससच्या शिपायांनी त्यांच्या तळावर छापा घातला आणि ती तान्ह्या लेकीसह हाती लागली. लोकांनी याला सुटका म्हटले. १८६१ साली विधिमंडळाने तिला जमीन व पाच वर्षे दरसाल १०० डॉलर मंजूर केले. पण त्या सुमाराच्या छायाचित्रात ती मुलीला पाजते आहे आणि तिचे केस कापलेले आहेत. कोमांची लोकांत ही शोकाची खूण. ती पुन्हा पुन्हा पळून जाऊ पाहत होती. मागे राहिलेले दोन मुलगे तिला कधी दिसले नाहीत; लेकही काही वर्षांत आजाराने गेली.

बंधूंनो, त्या बाईला दोनदा पळवून नेले. दुसऱ्या वेळी मात्र ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

हे वाचताना आम्हांला आमच्याच मंडळीतील एक भगिनी आठवली. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आम्ही तिला सहभागितेचा उजवा हात दिला, नाव वार्षिक अहवालात छापले. पुढे तिची आई वारली. ती आम्हा पंचांकडे येऊन म्हणाली, "कोणी माझ्याबरोबर येता का? एकटीने तो उंबरठा चढवत नाही." तेथे त्यांचे विधी असतील, जावे कसे, असे म्हणत आम्ही बसून राहिलो. ती एकटी गेली. त्यानंतर ती शेवटच्या बाकावर बसू लागली. हे कोणत्याही अहवालात नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण मिशन कंपाउंडात वाढले. गावाने वाळीत टाकलेल्या आपल्या वाडवडिलांना त्या भिंतीने आसरा दिला, हा उपकार आपण विसरू नये. पण भिंतीच्या आत राहता राहता असे वाटू लागते, की माणूस आत आला म्हणजे सर्व झाले. त्याचे बाहेर काय राहिले, कोण राहिले, हे आपण विचारीतच नाही. प्रभू येशूने तर वेशीबाहेर दुःख सोसले; आपणही तळाबाहेर त्याच्याकडे जावे, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. त्या दिवशी प्रभू त्या मृत आईच्या दारात उभा होता आणि आम्ही आत बसलो होतो.

सिंथिया ॲनचा मुलगा क्वाना पुढे कोमांचींचा पुढारी झाला. त्याने आईचे आडनाव लावले. १९१० साली तिच्या अस्थी टेक्ससहून ओक्लाहोमात आणल्या, आणि १९११ साली तिच्याच शेजारी त्याला पुरले. मोठ्यांनी तोडलेले लेकराने जोडले. पण आई गेल्यावर.

आपण तितका उशीर करू नये. येत्या रविवारी उपासनेनंतर शेवटच्या बाकापर्यंत चालत जा आणि तेथील भगिनीला तिच्या माहेरचे विचारा. आम्ही उशिरा का होईना, विचारले. क्षमा मागितली. ती बराच वेळ आईविषयी बोलत होती.

हे प्रभो, आम्हांला वेशीबाहेर तुझ्याकडे ने. आमेन.